ब्रेल पाटी आणि स्टायलस: घेण्याआधी काय तपासावं

मोबाइल वाचून दाखवतो, संगणक बोलतो. मग दृष्टिहीन मुलाच्या हाती उठावदार ठिपक्यांची ब्रेल लिपी लिहायची ही जुनी पाटी कशाला द्यायची, असं पालक हल्ली विचारतात. ऐकून धडा कळतो, शुद्धलेखन कळत नाही, म्हणून. ‘पाणी’तली वेलांटी पहिली की दुसरी, हे कानाला सांगता येत नाही. ते बोटाखालून जावं लागतं आणि स्वतःच्या हाताने लिहावं लागतं.

दृष्टिहीनांच्या शिक्षणाचा इतिहास खरं तर या लिहिण्याशीच येऊन थांबतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये व्हॅलेंटिन हॉय यांनी शाळा काढली, तिथे कागदावर उठवलेली रोमन अक्षरं मुलं बोटांनी वाचत. वाचन होई, पण फार हळू. आणि तशी अक्षरं मुलाला स्वतः उठवता येत नसत. शार्ल बार्बिये यांनी बारा ठिपक्यांची लिपी आणली, तिच्यासोबत खाचांची पाटी आणि टोच्याही (आजचा स्टायलस) होता. हॉय यांच्याच शाळेत शिकलेल्या लुई ब्रेलने ठिपके सहावर आणले, कारण बारा ठिपके एका बोटाच्या टोकाखाली मावत नाहीत. 1829 मध्ये, विसाव्या वर्षी, त्याने ही पद्धत छापून प्रसिद्ध केली. तो 1852 मध्ये गेला आणि त्याच्याच शाळेने ती अधिकृतपणे स्वीकारली 1854 मध्ये. आपल्याकडे दादरची अंधशाळा 1900 साली सुरू झाली. पण भारतीय भाषांसाठी वेगवेगळ्या ब्रेल लिप्या चालत, त्यांच्या जागी एकच भारती ब्रेल आली ती 1951 मध्ये. तिलाही तेच सहा ठिपके लागतात, म्हणून मराठीसाठी वेगळी पाटी शोधावी लागत नाही.

आता वस्तूकडे. पाटीला दोन पट्ट्या असतात, एका बाजूला बिजागरी. वरच्या पट्टीत चौकोनी खिडक्या, म्हणजे घरं. खालच्या पट्टीत प्रत्येक घराखाली सहा खळगे. मध्ये कागद घालायचा, स्टायलसने वरून दाबायचं, ठिपका मागच्या बाजूला उठतो. खरी कसोटी या दोन पट्ट्या एकमेकींवर अचूक बसतात की नाही हीच. बिजागरी ढिली असेल तर स्टायलस खळग्याच्या कडेवर उतरतो आणि ठिपका अर्धवट उठतो किंवा कागद फाटतो.

दुकानातच एक ओळभर ‘ढ’ लिहून पाहा. भारती ब्रेलमध्ये ‘ढ’ला सहाही ठिपके लागतात. कागद काढून बोट फिरवा: पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत सगळे ठिपके सारख्याच उंचीचे लागले पाहिजेत. शेवटची दोन-तीन घरं पुसट लागली तर ती पाटी परत ठेवा. (ज्या अक्षराने आपल्याकडे मुलांना हिणवतात, ते ब्रेलमध्ये सर्वांत भरलेलं अक्षर आहे, हे वर्गातल्या सगळ्याच मुलांना सांगण्यासारखं आहे.)

प्लॅस्टिकची खिशातली पाटी हलकी आणि स्वस्त, पण उन्हात वाकते. निरोप किंवा फोन नंबर लिहायला ठीक, रोजच्या अभ्यासाला नको. धातूची खिशातली पाटी वर्षानुवर्षं टिकते. शाळेसाठी मात्र मोठी चौकट घ्या: पूर्ण कागद बसेल असा फळा आणि त्यावर खाली खाली सरकणारी धातूची पट्टी. कागद एकदाच लावायचा असतो, त्यामुळे ओळी तिरक्या जात नाहीत. कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहायचं असेल तर इंटरलाइन प्रकार मागा; त्यात मागच्या बाजूच्या ओळी पुढच्या ओळींच्या मधल्या जागेत येतात.

स्टायलसची मूठ तळहातात बसली पाहिजे, तर्जनी वरून. टोक फार अणकुचीदार असेल तर कागदाला भोक पडतं, बोथट असेल तर ठिपका उठतच नाही. दाब सरळ खाली हवा. कागद साधारण 120 ते 140 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) घ्या. वहीच्या पातळ कागदावरचे ठिपके दोन-तीनदा वाचले की बसून जातात. पावसाळ्यात कागद दमट होतो आणि ठिपके मऊ पडतात, म्हणून गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. सरावाला जुन्या कॅलेंडरची पानं उत्तम.

पाटीचा सर्वांत मोठा दोष म्हणजे उलटं लिहिणं. ठिपका मागे उठतो, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे, आणि प्रत्येक अक्षरही आरशातल्यासारखं. मूल उजवीकडून सुरू करतं, पण अक्षर उलटवायला विसरतं. मग ‘क’चा ‘ख’ होतो, ‘ब’चा ‘भ’, ‘न’चा ‘ड’, ‘ज’चा ‘ह’ आणि पहिल्या वेलांटीची मात्रा. उत्तरपत्रिकेत नेमक्या याच जोड्या दिसल्या तर शुद्धलेखनाचे गुण कापू नका. चूक दिशेची आहे. उपाय सोपा आहे. आधी सहा खड्ड्यांच्या मोठ्या फळीवर गोट्या ठेवून ‘वाचायची बाजू’ आणि ‘लिहायची बाजू’ पक्की करा, मगच पाटी हातात द्या. डोळस शिक्षकांची चूक वेगळी असते: ‘कि’ लिहिताना ते छापील सवयीने वेलांटी आधी टोचतात. ब्रेलमध्ये उच्चाराचा क्रम चालतो, आधी ‘क’ आणि नंतर ‘इ’.

गणितासाठी पाटी वापरू नका. लिहिलेलं तपासायला दर वेळी कागद काढावा लागतो, त्यामुळे हातचा कुठे मांडला ते बोटाला सापडत नाही. त्यासाठी टेलर फ्रेम (छिद्रांत अंकांचे ठोकळे बसवायची चौकट) किंवा अबॅकस घ्यावा. पर्किन्स ब्रेलर हे 1951 पासूनचं यंत्र. सहा कळांवर सरळ लिहिता येतं, लिहिलेलं लगेच वाचता येतं. पण वजन पावणेपाच किलोच्या आसपास आणि किंमत बहुतेक घरांना न झेपणारी. शाळेत एक असावा. दप्तरात मात्र पाटीच.

नेहमीच्या शाळेत शिकणाऱ्या मुलाची खरी अडचण निराळी आहे. साहित्याचं किट मिळतं, कागद मिळत नाही; पाटी मिळते, ब्रेल वाचणारे शिक्षक आठवड्यातून एकदा येतात. तोवर लिहिलेला गृहपाठ कोणी तपासत नाही आणि मूल लिहिणं सोडतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तकं, शैक्षणिक साहित्य आणि सहायक साधनं मोफत द्यायची आहेत. मुख्याध्यापकांकडे मागणी लेखी द्या आणि तीत ब्रेल कागदाचे गठ्ठे स्वतंत्रपणे लिहा. सोबत जादा स्टायलसही मागा. ते बाकाखाली घरंगळतात, आणि तास चालू असताना मुलाला ते एकट्याने शोधावे लागतात.