मार्गदर्शन व समुपदेशन पदविका : पदविका हाती आल्यानंतरच्या वर्षभराचा अनुभव

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांसंबंधीच्या एका निकालात, शंभर किंवा त्याहून अधिक पटसंख्या असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले. तेव्हापासून शहादा, शिरपूर, चोपडा या भागांतील शिक्षकमित्र एकच गोष्ट विचारतात : बी.एड.नंतर मार्गदर्शन व समुपदेशनाची ही पदव्युत्तर पदविका करावी का, आणि केली तर शाळेत ती कितपत उपयोगी पडते? मी हा अभ्यासक्रम पूर्ण करून वर्ष होत आले आहे. माध्यमिक शाळेतील नेहमीचे तास सांभाळून मी समुपदेशनाचे काम करतो आणि सुटीच्या दिवशी आशाताईंच्या (गावातील आरोग्य स्वयंसेविकांच्या) मदतीने गावातही थोडेफार करतो. मी जिथे शिकलो त्या संस्थेचे नाव देत नाही, कारण पुढील बहुतेक गोष्टी या प्रकारच्या कोणत्याही अभ्यासक्रमाला लागू पडतील.

अशा अभ्यासक्रमांचा साचा साधारण ठरलेला आहे. एनसीईआरटीच्या पदविकेत सहा महिने दूरशिक्षण, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग आणि तीन महिने आपापल्या गावी क्षेत्रकार्य, अशी वर्षाची विभागणी असते. महाराष्ट्र त्यांच्या भोपाळच्या प्रादेशिक संस्थेकडे येतो, आणि भुसावळहून भोपाळ हे मुंबईपेक्षा दूर नाही, ही खानदेशातील माणसाची एक सोयच म्हणायची. माझा अभ्यासक्रमही याच धर्तीचा होता. वर्गांच्या काळासाठी मला बिनपगारी रजा घ्यावी लागली. शुल्कापेक्षा हा खर्च मोठा असतो आणि माहितीपत्रकात तो कुठेच लिहिलेला नसतो, म्हणून घरच्यांशी आधीच बोलून ठेवावे.

घरी बसून वाचलेल्या भागाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मानसशास्त्रज्ञ एरिक्सनचे विकासाचे टप्पे, समोरच्याला त्याच्या जागी जाऊन समजून घेणे यांसारख्या रॉजर्सने १९५७मध्ये मांडलेल्या समुपदेशकाच्या अटी, व्यवसायनिवडीसाठी वापरले जाणारे हॉलंडचे सहा व्यक्तिमत्त्वप्रकार हे सगळे परीक्षेपुरते पाठ झाले आणि त्यातील पुष्कळसे परीक्षेबरोबरच गेले. रॉजर्स मात्र राहिला, आणि तो पुस्तकामुळे नव्हे तर व्हर्बेटिममुळे राहिला.

व्हर्बेटिम म्हणजे प्रशिक्षणार्थीने परवानगी घेऊन ध्वनिमुद्रित केलेल्या संवादाची शब्दशः लेखी नोंद. डाव्या बाजूला मुलाचे बोलणे, मध्ये आपले बोलणे आणि उजवीकडे मार्गदर्शकासाठी कोरी जागा. आमच्या बाई आमच्या प्रत्येक वाक्यापुढे लाल शाईने एकच शब्द लिहीत : प्रश्न, सल्ला, दिलासा, उपदेश किंवा प्रतिसाद (मुलाचे म्हणणे समजल्याचे दाखवणारे वाक्य). शिक्षकी पेशातून आलेल्यांच्या पहिल्या नोंदींत पान उलटले तरी ‘प्रतिसाद’ हा शब्द सापडत नसे. एका नोंदीतील तुकडा, तपशील बदलून, देतो. नववीतील मुलगा म्हणतो, ‘कापूस वेचणी चालू होती, म्हणून येत नव्हतो.’ प्रशिक्षणार्थी म्हणतो, ‘पण बाळा, शिक्षण महत्त्वाचं आहे ना?’ मुलगा म्हणतो, ‘हो सर.’ संवाद तिथेच संपतो. बाईंनी समासात लिहिले होते, ‘हे वाक्य कोणासाठी बोललात?’ पुढच्या भेटीत त्याच मुलाला एवढेच म्हटले गेले की घरचे काम आणि शाळा या दोन्हींत तुझी ओढाताण होते आहे. त्यावर तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग वडिलांनी मुकादमाकडून घेतलेली उचल, दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातला जाण्याचे ठरलेले बेत आणि धाकट्या बहिणीला कुठे ठेवायचे हा घरातला वाद, असे सगळे बाहेर आले. अनुपस्थितीचे खरे कारण त्या वादात होते. हजेरीपटावरून ते कधीच कळले नसते.

या एका सरावासाठी मी संपूर्ण अभ्यासक्रमाचे पैसे वसूल झाले असे मानतो. जे कोणाच्या तरी नजरेखाली करून घेतले गेले ते आजही हाताशी आहे, आणि जे नुसते वाचून सोडून दिले ते गरजेच्या वेळी आठवत नाही, हा माझा सरसकट अनुभव आहे.

गोपनीयतेच्या बाबतीत नेमके हेच जाणवले. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२च्या कायद्याचे कलम १९ सांगते की असा अपराध घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळेल त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलेच पाहिजे. न कळवल्यास कलम २१नुसार शिक्षा आहे. म्हणजे ‘तू सांगशील ते माझ्यापाशीच राहील’ असे वचन शाळेतील समुपदेशक कोणत्याच मुलाला देऊ शकत नाही. कोणती गोष्ट आपल्याला पुढे सांगावी लागेल, हे पहिल्याच भेटीत मुलाच्या वयाला पेलेल अशा शब्दांत सांगावे लागते. या विषयावर आम्हाला एक व्याख्यान मिळाले, कलमे लिहून घेतली गेली. पण ती पहिली दोन वाक्ये आठवीच्या मुलीशी कशी बोलायची, याचा सराव कोणी करून घेतला नाही. ती वाक्ये मी नंतर स्वतः बसवली आणि अजूनही त्यांत बदल करतो. शिक्षकखोलीतील ‘काय म्हणत होती ती?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, हेही अभ्यासक्रमात नव्हते. खरे तर समुपदेशकाची रोजची परीक्षा तिथेच होते.

जागेचा प्रश्नही असाच आहे. वर्गात शांत खोली आणि तिरक्या कोनात ठेवलेल्या दोन खुर्च्या शिकवल्या गेल्या. आमच्याकडे अशी खोली नाही, प्रयोगशाळेच्या खिडकीत मधल्या सुटीला डोकी जमतात. शेवटी मैदानाच्या कडेच्या निंबाखाली दोन खुर्च्या टाकल्या. तिथे आम्ही सगळ्यांना दिसतो, पण बोलणे कोणाला ऐकू जात नाही. मुलींशी बोलणाऱ्या पुरुष शिक्षकासाठी बंद खोलीपेक्षा ही व्यवस्था मला अधिक योग्य वाटते.

चाचण्यांच्या भागावर मी नाराज आहे. अभिक्षमता आणि अभिरुची मोजण्याच्या चाचण्या आम्हाला देता येतात, गुणांकनही येते. परंतु अनेक चाचणीसंचांचे मानदंड (गुणांची तुलना ज्यांच्याशी करायची ते आकडे) शहरी विद्यार्थ्यांवरून काढलेले असतात आणि ज्या व्यवसायांविषयी आवड विचारली जाते त्यांतील काही सातपुड्याच्या पायथ्याच्या मुलाने पाहिलेलेही नसतात. राज्यात २०१६पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कल चाचणी होत असे. तिचा अहवाल घेऊन येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न ‘मग ॲडमिशन कुठे घेऊ?’ हाच असायचा. त्याचे उत्तर चाचणीत नसते. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावर भरायचा असतो, ही माहिती समुपदेशकाला तोंडपाठ हवी. बारावीनंतर माझ्याकडे येणाऱ्या कित्येक मुलांची झोप उडालेली असते ती जातवैधता प्रमाणपत्र वेळेत हाती पडेल की नाही या काळजीने. अशा मुलाला श्वासाचे व्यायाम शिकवण्याआधी त्याचा अर्ज कुठे अडकला आहे ते पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पाठ्यपुस्तके मात्र समुपदेशन आणि अशी कागदपत्रांची मदत या दोन कामांची गल्लत करू नका असे बजावतात.

गावातील कामात पदविकेची मर्यादा लवकर कळते. आमच्याकडे मूल बोलेनासे झाले, रात्री दचकून उठू लागले, तर घरचे आधी भगताकडे जातात. प्रशिक्षणात त्यांना न टोकता ऐकून घ्यायला शिकवले, त्याचा फार उपयोग झाला, कारण टोकले की ते दुसऱ्यांदा येत नाहीत. वर्गातील सगळे नमुना-संवाद प्रमाण मराठीत होते, इथे मात्र अहिराणीत ‘माले आठे करमत नही’ (मला इथे करमत नाही) अशी सुरुवात होते आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलांबरोबर तर आजीची बोली समजण्यासाठी शेजारची ताई दुभाषी म्हणून बसवावी लागते. तिसरी व्यक्ती बसवून संवाद कसा करायचा, तिला गोपनीयता कशी समजावायची, यावर एक तास जरी मिळाला असता तरी बरे झाले असते.

निदान करण्याचा किंवा औषधांबद्दल बोलण्याचा अधिकार या पदविकेने मिळत नाही, हे मात्र आमच्या संस्थेने पुन्हा पुन्हा ठसवले, आणि ते चांगले केले. आत्महत्येचे विचार, दीर्घकाळचे व्यसन, भास अशी लक्षणे दिसली की जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागाकडे पाठवायचे आणि स्वतः सोबत जाता आले तर जायचे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो आम्ही मुलांच्या दैनंदिनीच्या पहिल्या पानावर १०९८ या बालहेल्पलाइनच्या खाली छापून घेतला.

प्रवेश घेणाऱ्यांनी माहितीपत्रकातील विषयांची यादी पाहण्यात वेळ घालवू नये, ती सगळीकडे सारखीच असते. तुमचे ध्वनिमुद्रित संवाद कोण ऐकणार, प्रत्येकाच्या वाट्याला असे किती संवाद येणार आणि क्षेत्रकार्याच्या काळात मार्गदर्शक शाळेत येणार की फक्त वहीवर सही करणार, एवढे लेखी विचारून घ्यावे. माझ्या क्षेत्रकार्यात दुसरा प्रकार घडला. पदविका मिळाल्यानंतर तर कोणीच ऐकणारे उरत नाही. म्हणून आमच्या तुकडीतील धुळे, अमळनेर आणि शहाद्याकडील काही जणांनी एका अनुभवी मानसोपचार समाजकार्यकर्तीला मानधन देऊन महिन्यातून एकदा फोनवर सुपरव्हिजन (आमच्या संवादांवर अनुभवी नजरेतून चर्चा) सुरू केले आहे. नावे काढून टाकलेली व्हर्बेटिम आम्ही तिला आधी पाठवतो, आणि मानधनाचा खर्च वर्गणी काढून भागवतो.