मार्वलची एपिक कलेक्शन्स: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत वाचून काय वाटलं

गेल्या दिवाळीत घ्यायला सुरुवात केली, आता पावसाळा संपत आलाय. स्पायडर-मॅनचे पहिले दोन व्हॉल्यूम आणि फँटॅस्टिक फोरचे पहिले तीन एवढं सगळं वाचून झालंय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. यूट्यूबवर अनबॉक्सिंगचे व्हिडिओ ढिगाने आहेत पण त्यात पुस्तक वाचलेलं कुणीच नसतं, नुसती पानं फरफर उलटायची आणि क्वालिटी एकदम टॉप म्हणून मोकळे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एपिक कलेक्शन म्हणजे मार्वल या अमेरिकन कंपनीच्या कॉमिक्सचे जुने अंक ओळीने, रंगीत, जाडजूड पेपरबॅकमध्ये, एका पुस्तकात साधारण चारशे ते पाचशे पानं. मालिका २०१३ला सुरू झाली आणि सुरू झाली तीच मधल्याच व्हॉल्यूमपासून. पाठीवरचा नंबर कथेच्या क्रमाचा असतो, छापण्याच्या क्रमाचा नाही, म्हणजे एखाद्या हिरोचा दहावा बाजारात आला तरी पाचव्याचा पत्ता नाही असं होतं. दुकानदारालाही बऱ्याचदा हे माहीत नसतं, तो बिचारा म्हणतो मधले संपले असतील.

मला सगळ्यात आवडलं ते हे की यात एकही अंक गाळलेला नाही. भिकार अंकसुद्धा आहेत. ‘निवडक’ वाल्या पुस्तकांत काय होतं, १९६२चा अमेझिंग फँटसी १५, म्हणजे स्पायडर-मॅनची पहिली कथा, घेतात, दोन-चार गाजलेल्या मारामाऱ्या घेतात आणि विषय संपला. आता स्पायडर-मॅनचा आठवा अंक बघा. शाळेत एक रोबो आणतात, तो बिघडतो, स्पायडर-मॅन त्याला थांबवतो, बस. कुठल्याही निवडक संग्रहात हा अंक येणार नाही आणि यायलाही नको. पण याच अंकात वर्गातला दांडगट फ्लॅश थॉम्पसनच्या हातून पीटरचा, म्हणजे स्पायडर-मॅनचाच, चष्मा फुटतो आणि त्यानंतर पीटर चष्मा लावतच नाही! दोघांची शाळेत बॉक्सिंगची मॅच पण होते. म्हणजे बावळट पोरगा हळूहळू ताठ मानेने उभा राहायला लागतो ते कुठल्या मोठ्या व्हिलनच्या अंकात नाही, असल्या टाकाऊ अंकाच्या कोपऱ्यात घडतंय, आणि हे ओळीने वाचलं तरच दिसतं.

स्पायडर-मॅन काढणाऱ्या स्टीव्ह डिट्कोचं चित्र पण तसंच, पहिल्या अंकांत माणसं जरा आखडलेली वाटतात आणि दुसऱ्या व्हॉल्यूमच्या शेवटाकडे येईपर्यंत हाच माणूस काय करतोय म्हणून आपण बघत बसतो. अंक ३३, फेब्रुवारी १९६६. स्पायडर-मॅन अवजड यंत्राखाली अडकलाय, वरून पाणी गळतंय, मे आंटीचं औषध समोर पडलंय पण हात पोचत नाही. डिट्को घाई करत नाही. एकेक चौकट, तोच माणूस, तेच ओझं, जरासा हलतो, परत खाली, आणि मग पान उलटलं की अख्ख्या पानभर एकच चित्र, उचललं! मी हे चित्र आधी नेटवर किती वेळा बघितलं असेल, पण आधीचे पंधरा-वीस अंक पोटात घेऊन त्या पानावर आलो तेव्हा खरंच अंगावर काटा आला. पुढे पाच अंकांनी, ३८व्या अंकावर डिट्को सोडूनच गेला आणि व्हॉल्यूम दोन तिथेच संपतो, एकदम बरोबर जागी कापलंय.

फँटॅस्टिक फोरमध्ये आणखी एक गंमत कळली. ग्रह गिळणाऱ्या गॅलॅक्टसची कथा ४८ ते ५० अशी तीन अंकांची म्हणून सगळीकडे सांगतात. प्रत्यक्षात ४८चा सुरुवातीचा भाग आधीच्या इनह्यूमन्सच्या कथेची शेपटी आहे, आणि ५०व्यात गॅलॅक्टस मध्येच कुठेतरी निघून जातो आणि उरलेल्या पानांत चौघांतला जॉनी स्टॉर्म कॉलेजात जातो!! जग वाचलं, चला आता ॲडमिशन. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी महिन्याच्या महिन्याला दळण दळत होते, कथा कुठे संपते आणि कुठे सुरू होते याची त्यांना फिकीर नव्हती, आणि ती मजा तीन अंकांच्या वेगळ्या पुस्तकात कशी येणार. याच तिसऱ्या व्हॉल्यूममध्ये ४४व्या अंकापासून जो सिनॉट इंकिंगला, म्हणजे पेन्सिलच्या चित्रावर शाई फिरवायला, येतो, त्याच्या आधी विन्स कोलेटा होता. दोघांची पानं शेजारी ठेवून बघा, पेन्सिल त्याच कर्बीची पण चौघांतल्या थिंगच्या अंगावरचे दगड अचानक दगडासारखे दिसायला लागतात.

आता तक्रारी, आणि मोठी तक्रार रंगांची. हे अंक मुळात स्वस्त न्यूजप्रिंटवर छापायचे. काळ्या रेषेवर निळी, किरमिजी आणि पिवळी अशा तीन शाया, प्रत्येकीच्या तीन छटा आणि चौथी म्हणजे कोरा कागद, सगळे मिळून ६४ रंग. तो पिवळट कागद शाई पिऊन टाकायचा म्हणून रंग मऊ दिसायचे. आता तेच रंग कॉम्प्युटरवर भरून पांढऱ्याशुभ्र कागदावर छापलेत, त्यामुळे स्पायडर-मॅनचा लाल डोळ्यात घुसतो आणि आकाश म्हणजे निळा डिस्टेंपर मारलेली भिंत. मी पांढऱ्या ट्यूबलाइटऐवजी पिवळ्या दिव्याखाली वाचतो, बराच फरक पडतो, करून बघा. रेषा मात्र स्वच्छ आहेत, अगदी बारीक शेडिंगसुद्धा सुटलेलं नाही. फक्त कर्बीने फोटो कापून चिकटवून जी कोलाज पानं केली होती, फँटॅस्टिक फोरच्या अंक ५१मध्ये आहे तसं, ती काळपट आलीत, पण ती मूळ अंकातही काही फार उठावदार नसणार.

तशी आपल्याकडच्या पुनर्मुद्रणांपेक्षा ही कामं कितीतरी प्रामाणिक म्हणायची. आपण वेताळ (म्हणजे फँटम) वाचला तो इंद्रजाल कॉमिक्समधून, वर्तमानपत्रातल्या पट्ट्या कापून-जोडून पानात बसवलेला, त्याच्या बेंगाली देशाचं डेंकाली केलेलं, सिंग चाच्यांचं सिंगा केलेलं, आणि आपल्याला तोच खरा वाटायचा. असो, विषयांतर झालं.

दुसरी तक्रार म्हणजे वाचकांच्या पत्रांची पानं बहुतेक नाहीतच. फँटॅस्टिक फोरच्या २५व्या अंकात हल्कला ब्रूसऐवजी बॉब बॅनर म्हटलंय. वाचकांनी पकडलं, मग २८व्या अंकाच्या पत्रांत स्टॅन लीने सारवासारव केली की त्याचं पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर आहे! एपिकमध्ये चूक छापलीय पण त्यावरची ही मखलाशी नाही, ती ऑम्निबसमध्ये, म्हणजे त्यांच्या जाडजूड पुठ्ठा-बांधणीच्या मोठ्या आवृत्तीत, मिळते. अर्धी गंमत गेली ना राव.

बाइंडिंग गोंदाचं आहे. नवीन असताना मधल्या बाजूचे शब्द बघायला पुस्तक दाबून उघडावं लागतं, दोन-तीन बैठकांनी सैल होतं, अजून पान एकही निखळलेलं नाही. पावसाळ्यात ठाण्यात कव्हर पापडासारखं वर वळलं, त्यावर वजन ठेवायचं, उभं कपाटात ठेवलं तर वळतंच. एक व्हॉल्यूम कोपरा चेपून आला होता, विक्रेत्याने पातळ पिशवीत टाकून पाठवलेला, बदलून द्यायला महिना लावला.

दुसरे पर्याय पण चाळलेत. ऑम्निबस देखणा आहे पण झोपून वाचताना छातीवर ठेवायची वस्तू नाही. मायटी मार्वल मास्टरवर्क्स (२०२१ पासून येतात) स्वस्त आणि मुलांच्या हातात मावणारे, पण पान लहान झाल्यामुळे फुग्यातली अक्षरं बारीक, चाळिशीचा चष्मा असेल तर नको. जुने एसेन्शियल कृष्णधवल, रद्दीत मिळाले तर उचला, डिट्कोची रेघ बिनरंगाची बघायला मस्त वाटते. डीसीवाल्यांनी २०२४ला डीसी फाइनेस्ट म्हणून याच धर्तीवर सुरू केलंय, माझं वाचून व्हायचंय.

किमतीचं म्हणाल तर छापील चाळीस-पन्नास डॉलरच्या आसपास, आपल्याकडे सेलमध्ये थोडं कमी पडतं. संपलेल्या व्हॉल्यूमला लोक तिप्पट-चौपट मागतात, देऊ नका, मार्वल बरेचसे परत छापतं. सुरुवात करायची असेल तर स्पायडर-मॅन एक आणि दोन एकदमच घ्या. फँटॅस्टिक फोर एकचे पहिले सहा-सात अंक जड जातील, रोज एकच अंक वाचा, सलग वाचलात तर सगळे व्हिलन सारखे वाटायला लागतात आणि स्टॅन लीचं बोलणं डोक्यात जातं.