नवीन गेम "अकाउंटवर" विकणाऱ्यांपासून सांभाळा, माझा अनुभव

कुठलाही मोठा गेम रिलीज झाला की लगेच कोणीतरी तो अर्ध्याहून कमी पैशात विकायला येतो. "ओरिजिनल आहे, क्रॅक नाही, स्टीमवरच चालतो, लाइफटाइम गॅरंटी" हे ठरलेलं बोलणं असतं (स्टीम म्हणजे पीसीवरचे गेम विकत घ्यायचं आणि खेळायचं ऑनलाइन दुकान, क्रॅक म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची कॉपी). तो तुम्हाला की (म्हणजे गेम स्वतःच्या अकाउंटवर घालायचा कोड) देणार नसेल, फक्त आयडी आणि पासवर्ड देणार असेल तर तिथेच थांबा, पैसे पाठवू नका. माझे पैसे गेले ते गेलेच, पण पैशापेक्षा जास्त त्रास वेगळ्याच गोष्टीचा झाला, ती पुढे सांगते.

ब्लॅक मिथ: वुकाँग आला तेव्हाची गोष्ट आहे, ऑगस्ट 2024. 20 तारखेला गेम आला आणि नुसत्या स्टीमवर एका वेळी 24 लाखांच्या वर लोक खेळत होते, तर आमच्या गेम खेळणाऱ्यांच्या ग्रुपचं काय झालं असेल बघा. दुसरा विषयच नव्हता. आत्ता घ्यायचा की सेलपर्यंत थांबायचं, माझ्या ग्राफिक्स कार्डवर चालेल का, 130 जीबी जागा कुठून काढू, एल्डन रिंगचा नवा भाग अर्धवट पडलाय तो आधी संपवू का, असं दिवसभर चालू. गेम यायच्या आठवडाभर आधी कंपनीने फुकट बेंचमार्क टूल (गेम आपल्या मशीनवर कसा चालेल ते मोजणारं) दिलं होतं, ते जो तो चालवून आकडे टाकत होता.

मला अकाउंट विकणारा माणूस त्याच चर्चेत होता. लिंका टाकून पळणारा स्पॅमवाला नव्हता तो, हे नीट लक्षात घ्या, कारण सगळी मेख इथेच आहे. लोकांचे बेंचमार्कचे स्क्रीनशॉट बघून तो सेटिंग सांगायचा. "फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डने स्वतः बनवून घालायची सोय) चालू ठेवून आलेला आकडा खरा धरू नका, ते बंद करून बघा." "पहिल्यांदा शेडर कंपाइल (गेमच्या ग्राफिक्सची तयारी) व्हायला वेळ लागणारच, मधेच बंद करू नका." हे सल्ले बरोबर होते, मी स्वतः वापरले. त्यामुळे मी ग्रुपमध्ये "घ्यायचाय पण सध्या बजेट नाही" असं लिहिल्यावर त्याचा वेगळा मेसेज आला तेव्हा ओळखीच्या माणसाने विचारल्यासारखं वाटलं. "ताई, मी करून देतो, आपल्या लोकांसाठी आहे, बाहेर सांगू नका." हे "बाहेर सांगू नका" त्याने प्रत्येकालाच सांगितलं होतं ते नंतर कळलं, आणि आम्ही एकमेकांशी बोलू नये एवढाच त्याचा अर्थ होता.

पैसे गेल्यावर आयडी-पासवर्ड आला आणि सोबत एक लांबलचक सूचनांचा मेसेज. स्टीममध्ये या आयडीने लॉगिन करा, स्टीम गार्डचा (लॉगिन करताना मालकाकडे येणारा) कोड मी देतो, गेम डाउनलोड करा, एकदा चालू करून बंद करा, मग स्टीम ऑफलाइन मोडमध्ये टाका आणि परत कधीही ऑनलाइन जाऊ नका, पासवर्ड बदलायचा नाही, नाव बदलायचं नाही, कोणाशी चॅट करायचं नाही. मी विचारलं की हे असं का, तर म्हणाला डेनुवोमुळे, सगळीकडे असंच करतात, टेन्शन घेऊ नका ताई.

डेनुवो हे त्यातलं अर्धसत्य होतं म्हणून ते जरा समजून घ्या. डेनुवो म्हणजे कॉपी होऊ नये म्हणून गेममध्ये घातलेलं कुलूप. पहिल्यांदा गेम चालू करताना ते तुमच्या मशीनसाठी नेटवरून एक परवानगी आणतं, ती मिळाली की गेम ऑफलाइनही चालतो. साधारणपणे एका अकाउंटवर 24 तासांत 5 वेगवेगळ्या मशीनना अशी परवानगी मिळते. हे विकणारे लोक एकदाच गेम मिळवतात आणि रोज नव्या लोकांना त्याच अकाउंटवर आत घेऊन ऑफलाइन बसवतात, झालं, एक गेम आणि गिऱ्हाईकं कितीही. म्हणून तर "ऑनलाइन जाऊ नका" हा नियम, दोघं एकदम ऑनलाइन आले की एकमेकांना बाहेर ढकलणार आणि बिंग फुटणार. आणि ती परवानगी कायमची नसते, विंडोजचा मोठा अपडेट आला किंवा हार्डवेअर बदललं की परत मागू शकते. लाइफटाइम गॅरंटी कुठली आली त्यात.

सुरुवातीला चाललं सगळं नीट. पहिला भाग मस्त गेला. मग एका ठिकाणी गेम सारखा क्रॅश व्हायला लागला आणि कंपनीने पॅच (दुरुस्तीचा अपडेट) काढला. नवीन गेमचं हेच असतं, सुरुवातीला पॅचवर पॅच येत राहतात आणि पॅच घ्यायचा तर ऑनलाइन जावंच लागतं. त्याला मेसेज केला तर "आज स्लॉट फुल आहेत, उद्या बघू". उद्याचं परवा झालं. शेवटी त्याने कोड दिला, मी ऑनलाइन गेले, आणि स्टीमने विचारलं की या कॉम्प्युटरवरचा सेव्ह (कुठवर खेळलो त्याची नोंद) ठेवायचा की क्लाउडवरचा, म्हणजे स्टीमकडे साठवलेला? क्लाउडवरचा सेव्ह माझा नव्हताच, माझ्यासारखाच दुसरा कोणीतरी त्या अकाउंटवर खेळत होता त्याचा होता, म्हणजे चुकीचं बटण दाबलं असतं तर माझा किंवा त्याचा सगळा खेळ पुसला गेला असता.

आणि तेवढ्यात कोपऱ्यात चॅटची खिडकी उघडली. अकाउंटच्या फ्रेंड लिस्टमधल्या कोणीतरी इंग्रजीत लिहिलं होतं, तूच आहेस का, तुला अकाउंट परत मिळालं का?

मी हात काढून बसले. मग पहिल्यांदा ती लायब्ररी नीट बघितली. जुने जुने गेम, कित्येक वर्षांपूर्वीचे अचिव्हमेंट, एका गेममध्ये हजारो तास. हे काही विकायला नवीन उघडलेलं अकाउंट नव्हतं, कोणाचंतरी चोरलेलं होतं. कोणीतरी कुठेतरी वर्षानुवर्षं पैसे साठवून, सेलची वाट बघून जमवलेली लायब्ररी, आणि त्यात आम्ही अनोळखी लोक घुसून बसलो होतो. मला ज्याचा त्रास झाला ते हे. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणे "त्यात लक्ष घालू नका, चॅट ऑफ करून टाका".

मी त्या फ्रेंडला जे होतं ते लिहिलं, की हे अकाउंट मला विकलं गेलंय, तुमच्या मित्राला लगेच स्टीम सपोर्टकडे जायला सांगा, आणि बाहेर पडले. काही दिवसांनी तो पासवर्ड चालेनासा झाला, म्हणजे बहुतेक खऱ्या मालकाला अकाउंट मिळालं असावं, आणि तसं असेल तर मला मनापासून आनंद आहे. ग्रुपमध्ये मात्र मग एकेक जण बोलायला लागले, मलाही बंद झालं, मलाही. आमच्यातल्याच बऱ्याच जणांना त्याने गुपचूप गळाला लावलं होतं. त्याच्याकडे पैसे परत मागितले तर "रिप्लेसमेंट चार्ज भरा, दुसरं अकाउंट देतो" म्हणाला, म्हणजे दुसऱ्या कोणाचंतरी चोरलेलं. नाही म्हटल्यावर ब्लॉक.

स्टीमकडे दाद मागायची सोयच नसते यात. अकाउंट विकायचं नाही, पासवर्ड कोणाला द्यायचा नाही हे त्यांच्या करारातच आहे, आणि मालकी कोणाची हे ठरवताना ते मूळ पैसे कशाने भरले, पहिली की कुठली टाकली होती असे पुरावे बघतात, ते तुमच्याकडे कधीच नसणार. तुम्ही पासवर्ड, मेल, फोन सगळं बदललंत तरी मूळ माणूस पुराव्यावर परत घेऊ शकतो. काही फसवणारे तर स्वतःचंच अकाउंट विकून नंतर याच वाटेने परत घेतात.

कोणी म्हणेल, मग "की" घेऊ, ती तर आपल्याच अकाउंटवर लागते. अधिकृत दुकानातली असेल तर उत्तम. पण कोणीही येऊन की विकू शकतो अशा बाजारातली की चोरीच्या कार्डवर घेतलेली असू शकते, कार्डवाला बँकेकडे तक्रार करतो, पैसे मागे जातात, भुर्दंड गेम बनवणाऱ्याला आणि की रद्द झाली की तुम्हालाही. फॅक्टोरिओ बनवणाऱ्या वुबे कंपनीने जी2ए या बाजाराबरोबर हे प्रकरण लावून धरलं होतं, आणि 2016 मध्ये तिथे फॅक्टोरिओच्या 198 बेकायदा की विकल्या गेल्या हे जी2एने 2020 मध्ये मान्य करून भरपाई दिली. एका छोट्या टीमच्या एका गेमच्या एवढ्या.

आणि सध्याचं सगळ्यात मोठं आमिष म्हणजे जीटीए 6. आधी 2025 म्हणत होते, मग 26 मे 2026, मग 19 नोव्हेंबर 2026, आणि हे लिहीपर्यंत तो बनवणाऱ्या रॉकस्टारने जाहीर केलंय ते फक्त प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी. त्यामुळे पीसीची "बीटा की" किंवा "अर्ली अ‍ॅक्सेस" विकणारा माणूस खोटंच बोलतोय, त्याच्याशी वाद घालत बसायचीही गरज नाही.

माझं म्हणणं एवढंच की नवीन गेम घ्यायचा तर स्वतःच्या अकाउंटवर घ्या, भले दोन सेल थांबावं लागलं तरी. स्टीमवर घेतल्यापासून 14 दिवसांत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात, म्हणजे आपल्या मशीनवर चालतो की नाही हे बघायला तेवढे पुरतात (फक्त शेडर कंपाइलचा वेळही त्या 2 तासांत धरला जातो हे विसरू नका). जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात तर 30 दिवस आहेत आणि तिथल्या गेमना असलं कुलूपच नसतं. गेमच वाईट निघाला तरी अधिकृत घेणाऱ्याला वाट असते. द डे बिफोर आठवतोय ना, 7 डिसेंबर 2023 ला आला आणि चार दिवसांत स्टुडिओच बंद झाला, तरी स्टीमवर घेतलेल्यांना रिफंड मिळाले. सायबरपंक 2077 च्या वेळी सोनीने डिसेंबर 2020 मध्ये गेम स्टोअरवरून काढून टाकला आणि पैसे परत दिले. तोच गेम कोणाच्या अकाउंटवर खेळत असता तर कोणाकडे गेला असता तुम्ही?

आत्ता जे अशा अकाउंटवर खेळत असतील त्यांना सांगते, आधी त्यातून साइन आउट व्हा. गेम चालू करायला त्याने एखादी फाइल दिली असेल आणि अँटिव्हायरस बंद करायला लावला असेल, आमच्यातल्या काहींना लावला होता, तर ती फाइल काढून पूर्ण स्कॅन करा, आणि त्याच मशीनवरून नाही, दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून स्वतःचे मेलचे आणि स्टीमचे पासवर्ड बदला, स्टीम गार्ड मोबाइलवर चालू करा, स्टीमच्या सेटिंगमधून बाकी सगळी डिव्हाइस साइन आउट करा. पैसे नुकतेच गेले असतील तर ज्यातून पाठवलेत त्यांच्याकडे आजच तक्रार टाका, चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा. आमच्यातल्या ज्यांनी रागाने चॅट उडवले त्यांच्याकडे तक्रारीला जोडायला काहीच उरलं नव्हतं.