पहिला फ्लेक्सिबल स्कोप: फायबरचा की चिपचा?

नाक-कान-घशाचा नवा दवाखाना थाटणारे बहुतेक जण फ्लेक्सिबल स्कोपची, म्हणजे नाकातून घालून घसा बघायच्या लवचीक नळीची, आधी किंमत विचारतात. मी म्हणेन, आधी दोन्ही स्कोपमध्ये चित्र तयार कसं होतं ते समजून घ्या.

फायबर स्कोपमध्ये काचेचे केसाहून बारीक असे हजारो तंतू असतात. टोकाला ते ज्या क्रमाने रचलेले असतात, त्याच क्रमाने आयपीसपाशी, म्हणजे डोळा लावायच्या भिंगापाशी. प्रत्येक तंतू चित्राचा एकच ठिपका वाहून आणतो. पंजाबातल्या मोग्यात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॉपकिन्स यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात केलेलं हे काम 1954 मध्ये प्रसिद्ध झालं. तंतू तुटला की त्याचा ठिपका कायमचा काळा. शिवाय आयपीसला कितीही भारी कॅमेरा जोडा, तंतूंच्या संख्येपलीकडचा बारकावा मिळत नाही. मोठं केलं की मधाच्या पोळ्यासारखी जाळीच ठळक होते. विक्रेता ‘फुल एचडी’ म्हणाला की हे आठवा.

चिपच्या स्कोपमध्ये कॅमेराच टोकाला बसवलेला असतो, चित्र तारेतून येतं. जाळी नाही. तुमच्याकडे शिक्षक, गायक, कीर्तनकार आवाज बसल्याची तक्रार घेऊन येत असतील, तर स्वरतंतूंवरची लाट स्ट्रोबोस्कोपीत (लुकलुकत्या प्रकाशात कंपनं संथ करून दाखवणाऱ्या तपासणीत) नीट दिसायला हाच हवा. तंबाखू खाणाऱ्याच्या घशातला पांढरा चट्टा वाढला का, हे जुन्या चित्राशी ताडून बघायलाही हाच. रुग्णाला स्वतःचा घसा पडद्यावर स्वच्छ दाखवला तर तो पुढच्या तपासणीला येतो, हे माझ्यासाठी सर्वांत मोठं कारण.

पण चिप गेली तर पडदा पूर्ण काळा, आणि चित्र पडद्यावर आणणारं यंत्र, म्हणजे प्रोसेसर, सहसा त्याच कंपनीचा लागतो. फायबर स्कोपला बॅटरीचा छोटा एलईडी लावा, डोळा आयपीसला लावा, झालं. आयसीयूतल्या खाटेपाशी, गावच्या शिबिरात, लाइट गेलेली असताना तो कामाला येतो. तुमचं निम्मं काम असं फिरतीचं असेल, तर बिनदिक्कत फायबर घ्या.

लीक टेस्ट (नळीच्या आवरणाला भोक पडलंय का याची तपासणी) आणि निर्जंतुकीकरण दोन्हींना सारखंच. तिथे कष्ट काही वाचत नाहीत.

फायबर स्कोप वापरलेला घेणार असाल तर पैसे देण्याआधी त्याचं टोक पांढऱ्या कागदासमोर धरा आणि काळे ठिपके मोजा. मधोमध पुंजका दिसला तर परत करा, कारण स्वरतंतू तुम्हाला तिथेच बघायचे आहेत.