पिवळा दिवा आणि कडेचे आसन: ऑर्लँडोच्या युनिव्हर्सलमधील टेस्ट सीटविषयी

माझी उंची 5 फूट 9 इंच, वजन 112 किलो आणि बेंबीच्या रेषेवर टेप धरून मोजलेला पोटाचा घेर 44 इंच आहे. थीम पार्कचे परीक्षण लिहिणारे सहसा स्वतःची मापे देत नाहीत. परंतु हे परीक्षण ज्यांच्यासाठी लिहीत आहे, त्यांना रंगरंगोटी आणि खाण्याच्या दरांपेक्षा याच आकड्यांची अधिक गरज आहे, म्हणून ते आरंभीच सांगितले. फ्लोरिडातील ऑर्लँडो येथील युनिव्हर्सलच्या ‘आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर’ या पार्कमध्ये स्थूल पाहुण्यांना राइडवर बसता यावे यासाठी कोणती सोय केली आहे, एवढ्याच प्रश्नापुरते मी हे लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका पार्कमध्ये मी भाचीसोबत सत्तर मिनिटे रांगेत उभा राहून रोलर कोस्टरमध्ये बसलो होतो. खांद्यावरून खाली येणारा हार्नेस पुरेसा खाली येईना. दोन कर्मचाऱ्यांनी मिळून तो दाबून पाहिला, संपूर्ण गाडी थांबून राहिली आणि अखेरीस मला उतरण्यास सांगण्यात आले. त्यांनी नियम पाळला यात शंका नाही. मात्र हीच गोष्ट मला प्रवेशद्वाराजवळ सत्तर मिनिटे आधी कळू शकली असती आणि तशी कोणतीही व्यवस्था तेथे नव्हती. त्यानंतर प्रत्येक सहलीत सर्वांच्या पिशव्या सांभाळत बाकावर बसणे हे मामाचे काम ठरून गेले. शरीराने जाड असलेल्या पुष्कळ माणसांनी ही भूमिका न बोलता स्वीकारलेली असते, आणि घरातील मुलांना वाटते की मामाला राइड आवडतच नाहीत.

त्यामुळे ऑर्लँडोला बहिणीच्या कुटुंबासोबत गेलो तेव्हा मी सर्वप्रथम ‘हॅरी पॉटर अँड द फॉरबिडन जर्नी’ या राइडबाहेरची टेस्ट सीट, म्हणजे रांगेत लागण्याआधी आपण मावतो का हे बसून पाहण्याचे नमुना आसन, शोधली. ही राइड जून 2010 मध्ये सुरू झाली. तीत चार माणसांचा एक बाक कुका कंपनीच्या यंत्रमानवी हाताच्या टोकाला बसवलेला असतो आणि तो हात बाकाला पुढे, मागे, तिरपा व जवळजवळ आडवा करत हॉगवर्ट्सच्या किल्ल्यातून फिरवतो. बाक कोणत्याही दिशेला कलणार असल्यामुळे छातीवरचा हार्नेस एका ठरावीक मर्यादेच्या खाली येऊन अडकणे येथे अनिवार्य आहे. राइड सुरू झाली तेव्हा रुंद छातीच्या आणि मोठ्या पोटाच्या कितीतरी पाहुण्यांना परत फिरावे लागले. त्यावर युनिव्हर्सलने त्याच वर्षी प्रत्येक बाकाच्या दोन्ही कडेच्या आसनांमध्ये बदल केले, जेणेकरून मोठ्या शरीराच्या व्यक्तीलाही हार्नेस सुरक्षितपणे लावता येईल. मधली दोन आसने पूर्वीसारखीच राहिली.

या बदलाचा उपयोग टेस्ट सीटमुळे होतो. तेथे बसून हार्नेस ओढला की दिवा लागतो. हिरवा दिवा लागल्यास कोणत्याही आसनावर बसता येते, पिवळा लागल्यास कडेचे बदललेले आसन घ्यावे लागते आणि लाल लागल्यास बसता येत नाही. माझ्यासाठी पिवळा दिवा लागला. पिवळ्या दिव्याची ही कल्पना मला फार मोलाची वाटते, कारण इतरत्र आमच्यासारख्यांना ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढीच उत्तरे मिळतात, तर येथे ‘हो, पण कडेला बसा’ असे तिसरे उत्तर आहे. किल्ल्यातील लांब रांग पार करून चढण्याच्या जागी पोहोचल्यावर, माणसे ओळीत लावणाऱ्या कर्मचाऱ्याला मी हळू आवाजात सांगितले की मला कडेचे आसन हवे आहे. तिने काही न विचारता भाचीला माझ्या शेजारी बसवले. हार्नेस खाली आला, अडकला, आणि बाक उचलला गेला तेव्हा भाचीने माझा हात घट्ट धरला होता.

‘इनक्रेडिबल हल्क’ या कोस्टरबाबत थोडे तांत्रिक सांगणे आवश्यक आहे. हा कोस्टर 1999 मध्ये पार्कसोबतच सुरू झाला, नंतर त्याचा मार्ग आणि गाड्या नव्या करून 2016 मध्ये पुन्हा खुला झाला. बोलिजर अँड माबियार या स्विस कंपनीच्या अशा कोस्टरमध्ये खांद्यावरच्या हार्नेसला पुढे एक बेल्ट असतो आणि तो आसनाच्या बकलमध्ये अडकलाच पाहिजे असा नियम आहे. बहुतेक वेळा अडचण वजनाची नसून या बेल्टच्या लांबीची असते, कारण ती लांबीच हार्नेस किमान किती खाली आला पाहिजे हे ठरवते. म्हणून काही ठरावीक ओळींत मोठ्या शरीरासाठी बदललेली आसने ठेवलेली असतात. कोणती ओळ मागायची हे बाहेरच्या टेस्ट सीटपाशी विचारून घ्यावे. खोपोलीजवळच्या इमॅजिकामधील ‘नायट्रो’ हा कोस्टरही याच कंपनीचा आहे, त्यामुळे महाराष्ट्रातील वाचकांना या हार्नेसची रचना अनोळखी नाही.

मांडीवर येणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे लॅप बारच्या, राइडमध्ये मात्र गणित वेगळे असते आणि ते आपल्या लोकांनी विशेष समजून घेतले पाहिजे. 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘वेलोसिकोस्टर’मध्ये खांद्यावर काहीही येत नाही; चार वेळा उलटे होतानाही केवळ मांडीवरचा दांडा माणसाला धरून ठेवतो, त्यामुळे तो मांडीच्या आणि पोटाच्या सांध्यात खोल बसावा लागतो. भारतीय शरीराची ठेवण अशी की चरबी प्रथम पोटावर साठते. म्हणूनच आपल्याकडे पुरुषांसाठी 90 सेंटीमीटर आणि स्त्रियांसाठी 80 सेंटीमीटर हीच पोटाच्या घेराची धोक्याची रेषा मानली जाते. परिणामी 90 किलोच्या आपल्या माणसाला जो दांडा अडतो, तोच 110 किलोच्या पण रुंद खांद्यांच्या व सपाट पोटाच्या माणसाला अडत नाही. ‘हॅग्रिड’च्या मोटारसायकल राइडमध्ये बाइक आणि साइडकार अशी दोन प्रकारची आसने आहेत आणि दोन्हींत शरीर वेगळ्या रीतीने बसते, म्हणून एका आसनावर जमले नाही तर दुसरे अवश्य तपासावे.

सुरक्षेचा निकष सैल करावा, असे मी कुठेही सुचवत नाही. याच ऑर्लँडो शहरात, इंटरनॅशनल ड्राइव्हवरील माणसांना उंचावरून एकदम खाली सोडणाऱ्या 430 फूट उंचीच्या फ्री फॉल मनोऱ्यावरून मार्च 2022 मध्ये चौदा वर्षांचा एक मुलगा आसनातून निसटून पडला आणि मरण पावला. राइडच्या पुस्तिकेतील कमाल वजन सुमारे 130 किलो होते आणि त्याचे वजन त्याहून बरेच अधिक होते; तपासात असेही आढळले की त्या आसनाचा सेन्सर हाताने बदलून घेतलेला होता, त्यामुळे हार्नेस आणि आसन यांत नेहमीपेक्षा मोठी फट राहूनही राइड सुरू होऊ शकली. आसन बदलणे आणि सेन्सरला फसवणे यांत हा जीवनमरणाचा फरक आहे. पहिल्या बाबतीत अभियंत्याने मोठ्या शरीराचा विचार करून नवी रचना तपासलेली असते. दुसऱ्या बाबतीत जुन्याच रचनेत मोठे शरीर कोंबलेले असते. त्या मुलाला कोणी प्रवेशद्वाराशीच थांबवले असते तर त्याला तासभर वाईट वाटले असते, एवढेच.

माझी खरी नाराजी नव्या रचनांविषयी आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये कॅलिफोर्नियातील युनिव्हर्सल स्टुडिओज हॉलिवूडमध्ये सुपर निन्टेंडो वर्ल्ड हा व्हिडिओ गेमवर आधारलेला विभाग सुरू झाला, तेव्हा तेथील मारिओ कार्ट राइडसाठी सूचना देण्यात आली की कंबरेचा घेर 40 इंच किंवा अधिक असणाऱ्यांना बसता येईलच असे नाही. आकडा आधीच जाहीर केला हे उत्तम झाले. माझ्यासारख्याचा तिकिटाचा निर्णय घरबसल्या होतो. पण मारिओ कार्ट हा उलटा होणारा कोस्टर नाही. तो मुलांनी आईवडिलांच्या शेजारी बसून खेळण्याचा, संथ चालीचा खेळ आहे, आणि अमेरिकेत पाचांपैकी सुमारे दोन प्रौढ लठ्ठ या व्याख्येत बसतात. 2010 मध्ये हॅरी पॉटरच्या राइडवर जो धडा मिळाला, तो नव्या राइडच्या पहिल्या आराखड्यातच उतरायला हवा होता.

हा 40 इंचाचा आकडा वाचताना एक काळजी घ्यावी. आपल्यातील अनेक पुरुष पँट पोटाखाली बांधतात, त्यामुळे पँटचे माप 38 असले तरी बेंबीवरचा घेर 42 निघू शकतो. दांडा पँटचे माप पाहत नाही.

जवळपास सर्वच पार्कमध्ये टेस्ट सीट वर्दळीच्या जागी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसमोर असते. ती एखाद्या भिंतीच्या किंवा झुडपांच्या आडोशाला हलवली तर खर्च नगण्य येईल आणि तीवर बसण्याचे धाडस कितीतरी अधिक लोक करतील. तोवर माझा अनुभव असा की पार्क उघडताच, पहिल्या अर्ध्या तासात जावे. गर्दी राइडकडे धावत असते, टेस्ट सीट रिकामी असते आणि कर्मचाऱ्याला दोनदा बसून पाहू देण्याइतकी सवड असते. बसताना पाठ पूर्ण मागे टेकवावी, ताठ बसावे, खिसे रिकामे करावेत आणि हार्नेस स्वतः ओढावा. आम्ही दुसऱ्या दिवशी असेच सकाळी गेलो. त्या दिवशी फॉरबिडन जर्नीत मी तीनदा बसलो, प्रत्येक वेळी कडेला, आणि पिशव्या मेहुण्यांनी सांभाळल्या.