आई-बाबांना घेऊन फॉल कलर्स: स्कायलाइन ड्राइव्ह

गुडघे दुखणारी माणसं बरोबर असताना फॉल कलर्स (पानगळीआधी झाडांवर चढणारे रंग) बघायला कुठे जावं, असं आमच्या व्हर्जिनिया-मेरीलँडकडे कुणी विचारलं की मी शेनान्डोआ नॅशनल पार्कमधल्या स्कायलाइन ड्राइव्हचंच नाव घेते. ब्लू रिज डोंगररांगेच्या माथ्यावरून हा रस्ता १०५ मैल जातो आणि थोड्या थोड्या अंतरावर ओव्हरलुक, म्हणजे गाडी थांबवून दरी बघायच्या जागा, आहेत. गाडी लावली, दार उघडलं की समोर दरी. आईला जेमतेम कठड्यापर्यंत चालावं लागत होतं, तेवढ्यावर ती दिवसभर खूश होती.

अख्खा रस्ता एका दिवसात उरकायच्या फंदात मात्र पडू नका. वेगमर्यादा ताशी ३५ मैल आहे आणि या रस्त्याची मजा त्या संथपणातच आहे. थॉर्नटन गॅपच्या प्रवेशद्वारातून आत शिरा, बिग मेडोजपर्यंत वीसेक मैल जा आणि परत फिरा. आत शिरल्यावर लगेच मेरीज रॉकचा बोगदा लागतो, पुढे स्टोनी मॅन, मग पार्कातलं सर्वांत उंच शिखर हॉक्सबिल, ४,०५१ फूट.

रंग आधी माथ्यावर चढतो आणि मग खाली दरीत उतरतो. ऑक्टोबरच्या मध्यानंतर गेलात तर हिकरी पिवळीधमक, ब्लॅक गम लालभडक आणि ओक अजून हिरवट-तांबूस, असं सगळं एकाच उतारावर दिसू शकतं. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हरितद्रव्य ओसरलं की तो वर येतो. लाल मात्र झाड या दिवसांत नव्याने तयार करतं. ऊन स्वच्छ आणि रात्री गार असतील तर तो जास्त खुलतो.

बाबा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. ते दरीपेक्षा दगडी कठडेच जास्त निरखत होते. १९३० च्या दशकातल्या मंदीत बेकार तरुणांना सरकारी योजनेत कामाला लावून असे कठडे बांधून घेतले, हे सांगितल्यावर त्यांनी दगडावर हात फिरवला. "अगं, सांधा बघ कसा बसवलाय!"

जेवायला पिनॅकल्स पिकनिक ग्राउंड, रस्त्याच्या उत्तर टोकापासून ३६.७ व्या मैलाला. झाडांखाली टेबलं आणि टॉयलेट आहेत. भाजणीची थालीपीठं फॉइलमध्ये बांधून वर जाड टॉवेल गुंडाळला होता, दुपारी दीडलाही ती मऊ होती. सोबत लोणी, दही, लसणाची चटणी आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा. वारा बोचरा असतो, म्हणून कागदी प्लेटा नकोत, स्टीलच्या ताटल्याच न्या. आणि उष्टं-खरकटं कणभरही मागे ठेवू नका. इथे अस्वलं आहेत, माणसाच्या अन्नाची चटक लागली की शेवटी हाल त्यांचेच होतात.

ऑक्टोबरातल्या शनिवार-रविवारी प्रवेशद्वारापाशी मोठी रांग लागते, ओव्हरलुकवर गाडी लावायलाही जागा मिळत नाही. सुट्टी काढून मधल्या वारीच जा. पास आधीच ऑनलाइन काढा, गाडीला ३० डॉलर. गाडीत गॅस (पेट्रोल) खालीच भरून घ्या, वर तो फक्त बिग मेडोजला मिळतो. मोबाइलची रेंज जाते-येते, तेव्हा नकाशा उतरवून ठेवा. निघण्याआधी पार्कच्या वेबसाइटवरचे वेबकॅम बघा. पडदा नुसता पांढरा दिसला तर वर धुकं आहे, बेत पुढे ढकला. एकदा आत गेलात की पास सात दिवस चालतो, त्यामुळे दुपारी धुक्याने घेरलं तरी त्याच आठवड्यात परत येता येतं.