दरमहा ५०० रुपये: देणगीच्या ऑटोपेचा दीड वर्षाचा अनुभव

संस्थेचं नाव लिहीत नाही. काम चांगलं आहे, तक्रार देणगी घेण्याच्या पद्धतीबद्दल आहे.

सुरुवात सासऱ्यांच्या श्राद्धापासून झाली. गुरुजींनी अर्ध्या तासात उरकलं, तेव्हा हे म्हणाले, पुढच्या वर्षापासून हे पैसे एखाद्या मुलीच्या शिक्षणाला देऊ. मुलाने मोबाइलवर यूपीआयचा ऑटोपे लावून दिला, म्हणजे दर महिन्याला पैसे खात्यातून आपोआप जातात. पाच मिनिटांचं काम. पैसे जायच्या आदल्या दिवशी मेसेज येतो, नको असेल तर ॲपमधूनच बंद करता येतं. इथे पूर्ण गुण.

पावतीही चोख. मे महिन्याच्या शेवटी १०बीई, म्हणजे वजावटीसाठी लागणारं देणगीचं प्रमाणपत्र, ईमेलवर आलं. वर्षाच्या ६,००० रुपयांवर ८०जी ह्या प्राप्तिकर कलमाची ५० टक्के वजावट, म्हणजे करपात्र उत्पन्नातून ३,००० कमी. ह्यांच्या २० टक्क्यांच्या टप्प्यात सेससकट वाचले ६२४ रुपये! एवढ्यासाठी कोण दान करतं? मुलगा तर नव्या करप्रणालीत आहे, त्याला ही वजावट मिळतच नाही, तरी त्याचे ५०० चालू आहेत. करामुळे आमच्यात एवढाच फरक पडला की रोख द्यायचं बंद झालं, कारण २,००० च्या वर रोख दिली तर वजावट नाही.

आता फोन. तिसऱ्या महिन्यापासून आठवड्याला एक. 'मॅडम, एका बाळाचं ऑपरेशन अडलंय, आजच्या आज दहा हजार...' आम्ही पैसे देतो शाळेला, हे बाळ मधेच कुठून आलं? वर व्हॉट्सॲपवर रडत्या मुलाचा फोटो. ह्यांनी त्याच संध्याकाळी ऑटोपे बंद करायला घेतला होता.

थांबले ते एका पत्रामुळे. संस्थेच्या वसतिगृहाच्या बाईंनी हाताने लिहिलेलं: अकरावी सायन्सला चार मुली गेल्या, एकीला चष्मा लागला, पाण्याची मोटर जळाल्यामुळे सहल रद्द. मदत मागणारी एक ओळ नाही. हे पत्र मी तीनदा वाचलं. माहेरी साताऱ्याला आजीकडे बुधवारी वाराने जेवणारा, म्हणजे रोज एकेका घरी जेवून शिकणारा, मुलगा यायचा. त्याचं ताट आमच्या आधी वाढलं जायचं आणि त्याच्या परीक्षेची काळजी आख्ख्या घराला असायची. पत्र वाचताना तसंच काहीसं झालं. असं पत्र दीड वर्षात एकच आलं, फोन मोजले नाहीत.

गंमत म्हणजे पोळ्यावाल्या मावशींच्या मुलीची फी आम्ही दोनदा भरली, ती हिशेबात धरावी हे आम्हाला सुचलंही नाही.

पाचपैकी तीन. अर्ज फक्त इंग्रजीत आहे, त्याचा अर्धा गुण कापलाय, बाकी दीड फोनचा. ऑटोपे चालू ठेवलाय. त्यांचे चार नंबर ब्लॉक केलेत, पाचवा काल आला.